‘असावे’चे ‘आहे’ कोणी केले?

मराठी क्रियापदाला चार अर्थ असतात, हे आपण शाळेत शिकतो आणि आपल्यापैकी पुष्कळजण पुढे तेच शिकवितो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो घरी आहे’ हा स्वार्थ. ‘तो घरी असावा’ हा विध्यर्थ. ‘तो घरी असता, तर दिवा लागला असता’ हा संकेतार्थ. परीक्षेपुरते हे सारे पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्याला शास्त्रीय बैठक दिली, आणि आपण त्या दोघांच्या कष्टांचे ‘पाच गुणांचा प्रश्न’ एवढे सार्थक केले. प्रस्तुत लेखात आम्हांला जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे: तारे, ग्रह आणि दीर्घिका यांच्यासंबंधीच्या ताज्या संशोधनाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातून विध्यर्थ जवळजवळ हद्दपार झाला आहे. जे ‘असावे’ म्हणून सांगितले जाते ते आपल्यापर्यंत ‘आहे’ होऊन येते. आणि या अपराधात वार्ताहरांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, आम्ही भाषा-साहित्य शिकविणारे लोक दोषी आहोत.

दोषारोपाची सुरुवात स्वतःपासून करणे बरे. एप्रिल २०२५ मध्ये एके दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी भ्रमणध्वनी पुढे धरून म्हणाले, ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली, वाचलेत का?’ सोबत निळ्या समुद्राचा, पांढऱ्या ढगांचा एक देखणा ग्रह होता. आम्ही ‘वा!’ म्हणालो आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो. कवितेतील एका शब्दाच्या अर्थच्छटेवरून विद्यार्थ्याचे दोन गुण कापणाऱ्या आम्हांला त्या ‘सापडली’ या क्रियापदाबद्दल एकही प्रश्न पडला नाही. त्याची लाज पुढे मूळ प्रकरण वाचले तेव्हा वाटली.

मूळ प्रकरण असे आहे. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर, एक लहान, लालसर, मंद तारा आहे. त्याच्याभोवती ‘के२-१८ बी’ नावाचा ग्रह सुमारे ३३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८.६ पट आणि त्रिज्या सुमारे २.६ पट. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने नोंदविलेल्या अवरक्त प्रकाशात डायमिथिल सल्फाइड, डायमिथिल डायसल्फाइड, किंवा हे दोन्ही रेणू यांची खूण दिसत असावी, असा त्या निबंधाचा दावा होता. पृथ्वीवर यांपैकी पहिला रेणू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म प्लवकांमुळे निर्माण होतो. समुद्राचा म्हणून जो वास किनाऱ्यावरच्या माणसाला ओळखू येतो, त्यात त्याचाही वाटा आहे.

आता या दाव्यापासून ‘जीवसृष्टी सापडली’ येथपर्यंत किती उड्या माराव्या लागतात ते पाहू.

पहिली उडी पाहण्याची. तो निळा ग्रह कोणीही पाहिलेला नाही. ते चित्र चित्रकाराने काढलेले आहे. प्रत्यक्षात जे मोजले गेले ते एवढेच, की हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश हजारात सुमारे तीन भागांनी घटतो. ग्रहाला वातावरण असेल तर ही घट सर्व तरंगलांबींना सारखी नसते. कोणता रेणू कोणता प्रकाश शोषतो त्यानुसार ती किंचित कमीजास्त होते. तो फरक मूळ घटीच्याही कित्येक पट सूक्ष्म असतो. त्या सूक्ष्म चढउतारांची वक्ररेषा म्हणजे वर्णपट. ‘पाहिले’ म्हणायचे ते हे.

दुसरी उडी संख्येची. निबंधातील संकेताची विश्वासार्हता ‘तीन सिग्मा’ इतकी सांगितली होती. म्हणजे असे, की तेथे हे रेणू मुळीच नसते, तर निव्वळ योगायोगाने असा संकेत उमटण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असती. वाक्यरचना पुन्हा पाहावी: ‘नसते, तर... असती’. हा शुद्ध संकेतार्थ आहे. बातमीत मात्र त्याचे रूप झाले, ‘९९.७ टक्के खात्री’. पाऊस पडला नसेल तर रस्ता ओला असण्याची शक्यता थोडी, हे एक विधान. रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडल्याची जवळजवळ खात्री, हे अगदी वेगळे विधान. मध्ये पाण्याचा टँकर गळत गेलेला असू शकतो. हे कळायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. ‘जर’ आणि ‘म्हणून’ यांतला फरक कळावा लागतो. शिवाय या शास्त्रात नव्या शोधावर शिक्का मारण्यापूर्वी ‘पाच सिग्मा’ मागण्याची रूढी आहे. तेथे ही योगायोगाची शक्यता ०.००००६ टक्क्यांच्या खाली जावी लागते. संशोधकांनी स्वतःच सांगितले होते की तेथवर पोहोचण्यासाठी वेब दुर्बिणीचा आणखी १६ ते २४ तासांचा वेळ हवा.

तिसरी उडी रेणूपासून जीवापर्यंतची, आणि ती सर्वांत लांब. डायमिथिल सल्फाइड म्हणजे जीव, हे समीकरण पृथ्वीपुरतेही सरळ नाही. चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को धूमकेतूपाशी रोझेटा यानाने घेतलेल्या नोंदींत हाच रेणू आढळल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले होते. धूमकेतूवर प्लवक नाहीत. जीवांवाचूनही हा रेणू तयार होऊ शकतो, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे.

पुढे काय झाले? काही आठवड्यांतच इतर संशोधकांनी तोच वर्णपट पुन्हा वाचायला घेतला. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी कोणताही रेणू गृहीत न धरता तपासले, तेव्हा ही माहिती एका सपाट रेषेशीही जुळते, असे त्यांना आढळले. दुसऱ्या एका गटाने संभाव्य रेणूंची यादी कित्येक पट मोठी केली, तेव्हा इतरही अनेक रेणू तितकेच चांगले बसू लागले. मधुसूदन यांच्या गटानेही नव्या विश्लेषणासह आपली बाजू पुन्हा मांडली. शास्त्र असेच चालते आणि त्यात कोणाचीही नाचक्की नाही. नाचक्की झाली ती मथळ्याची. पण मथळ्याला ती जाणवत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि त्याचे खंडन कोणी छापत नाही.

याच ग्रहाची याआधीची गोष्ट तर बोधकथेत शोभावी अशी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून या ग्रहावर पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. ‘राहण्यायोग्य ग्रहावर पाणी’ ही बातमी तेव्हाही जगभर फिरली. २०२३ साली वेब दुर्बिणीने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या स्पष्ट खुणा नोंदविल्या; पाण्याच्या वाफेची ठळक खूण मात्र मिळाली नाही. हबलच्या नोंदीत जी खूण पाण्याची म्हणून वाचली गेली होती, ती मिथेनची असल्याचे दिसून आले. दोन रेणूंच्या खुणा त्या तरंगलांबीवर एकमेकींत मिसळतात, म्हणून हा पाठभेद झाला. आम्ही ‘पाठभेद’ हा शब्द जाणूनबुजून वापरीत आहोत. त्याकडे पुन्हा येऊ.

हा रोग आजचा नाही. १८७७ साली मिलानच्या जिओव्हान्नी स्किआपारेल्ली यांनी मंगळावर काही रेषा पाहिल्या आणि त्यांना इटालियनमध्ये ‘कानाली’ म्हटले. त्या शब्दाने नैसर्गिक ओहोळही सुचतो आणि खणलेला कालवाही. इंग्रजीने त्यातला कालवा उचलला. कालवा म्हटला की खणणारे हात आले, हात आले की राज्य आले, पाण्याचा दुष्काळ आला. पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ साली ॲरिझोनात वेधशाळा उभारली आणि मंगळावरच्या त्या मरणासन्न संस्कृतीवर ग्रंथ लिहिले. १९६५ साली मरिनर-४ यानाने जवळून छायाचित्रे घेतली, तेव्हा विवरे दिसली. कालवा एकही नव्हता. एका शब्दाच्या निवडीने एक अख्खी संस्कृती वसवली आणि सुमारे नव्वद वर्षांनी ती उठली. भाषांतराचा अभ्यासक्रम शिकविताना आपण कवितेच्या भाषांतरातील अर्थहानीवर तासन्‌तास बोलतो. हे उदाहरण आपल्यापैकी किती जणांनी वर्गात घेतले आहे?

आणि आपल्याकडचे पारिभाषिक शब्द पाहा. ताऱ्यापासून ज्या अंतरावर खडकाळ ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल, त्या पट्ट्याला आपण ‘राहण्यायोग्य पट्टा’ म्हणतो. ‘राहण्यायोग्य’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन खोल्या आणि मोरी उभी राहते. मूळ संकल्पनेत फक्त अंतर आहे. हवा नाही, माती नाही, तेथे काही राहते असे तर मुळीच नाही. ‘परग्रह’ हा शब्द घेतला की त्याच्या मागोमाग परग्रहवासी चालत येतो. पृथ्वीच्या साडेआठपट जड, जाड वायुरूप आवरणाच्या गोळ्याला ‘पृथ्वीसारखा’ म्हणण्यापूर्वी कोणीतरी ‘कशात सारखा?’ एवढे विचारायला हवे होते. उपमेत साधारण धर्म सांगावा लागतो, हे अलंकार शिकविणाऱ्यांनीच विसरावे?

येथे आमचे सहव्यवसायी दोन बचाव पुढे करतात. पहिला बचाव नम्रतेचा: ‘आम्ही पडलो साहित्याची माणसे, विज्ञानातले आम्हांला काय कळणार?’ ही नम्रता खोटी आहे. वर दाखविलेल्या तीन उड्यांपैकी एकही उडी गणितात मारलेली नाही. तिन्ही भाषेत मारलेल्या आहेत. त्या पकडणे हे वाचकाचे काम आहे, आणि वाचन हा तर आमचा धंदा.

किंबहुना वर्णपटाचे वाचन आणि पोथीचे वाचन यांत आम्हांला मोठे साम्य दिसते. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे नकलकारांनी बिघडविलेले पाठ होते. कोणता शब्द मूळचा, कोणता लेखनप्रमाद, कोणता पुढच्याने भक्तीच्या भरात घुसडलेला, हे त्यांना ठरवावे लागले. पुढे राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली जुनी प्रत छापली, तेव्हा हेच प्रश्न नव्याने उभे राहिले. खगोलशास्त्रज्ञापुढे जी नोंद येते तीही अशीच बिघडलेली असते. दुर्बिणीच्या उपकरणाचा स्वतःचा गोंगाट, ताऱ्यावरचे डाग, माहिती स्वच्छ करताना केलेली गृहीतके, हे सारे त्या नोंदीचे नकलकार होत. दोन गट एकच नोंद दोन पद्धतींनी साफ करतात आणि दोन पाठ हाती येतात. मग वाद होतो, तिसरा गट दोन्ही ताडून पाहतो. पाठचिकित्सेची एवढी परंपरा असलेल्या भाषेतील माणसांना हे ‘कळत नाही’ म्हणणे आम्हांला मान्य नाही.

दुसरा बचाव नम्रतेचा नाही, उद्धटपणाचा आहे: ‘विज्ञान हेही शेवटी एक कथनच. आज पाणी म्हणतात, उद्या मिथेन. सारे सापेक्ष आहे.’ गेल्या तीन-चार दशकांत आमच्या विभागांतून हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. त्याला उत्तर म्हणून मुद्दाम एक वेगळे, आणि आपल्या जवळचे उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांच्या एका शोधाची घोषणा झाली. वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत त्यांना एक सर्पिल दीर्घिका आढळली. विश्वाचे वय सुमारे दीडशे कोटी वर्षे होते, तेव्हाची ती आहे; म्हणजे तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १२०० कोटी वर्षे लागली. आपल्या आकाशगंगेला हिंदीत ‘मंदाकिनी’ म्हणतात, म्हणून हिमालयात मंदाकिनीशी भगिनीचे नाते असलेल्या नदीचे नाव तिला दिले गेले: अलकनंदा. इतक्या लवकरच्या काळात दीर्घिका ओबडधोबड असाव्यात, नीटस तबकडी आणि रेखीव बाहू जमायला कित्येक शेकडो कोटी वर्षे लागावीत, अशी आजवरची अपेक्षा होती. ही अपेक्षा अलकनंदेने अडचणीत आणली.

या एकाच शोधात दोन वेगळे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. तिला दोन ठळक बाहू आहेत, ती त्या काळातली आहे: हा स्वार्थ, कारण प्रतिमा आणि मोजमापे समोर आहेत. ते बाहू इतक्या लवकर कसे घडले? थंड वायू संथपणे येत राहिल्याने घडले असावेत, किंवा एखाद्या लहान सोबतिणीच्या ओढीने घडले असावेत: हा विध्यर्थ, कारण त्याचा निर्णय पुढच्या निरीक्षणांवर सोपविला आहे. ज्याला सारे ‘आहे’ वाटते तो भाबडा वाचक, आणि ज्याला सारे ‘कथन’ वाटते तो पढीक वाचक. या दोघांनाही ही दोन वाक्ये वेगळी वाचता येत नाहीत. दोघांचा आंधळेपणा एकच आहे.

कोणी म्हणेल, एका दूरच्या ग्रहाबद्दल एक क्रियापद चुकले तर बिघडले काय? बिघडते ते असे. आज ‘जीवसृष्टी सापडली’ असे वाचणारा माणूस उद्या ‘नाही सापडली’ असे वाचतो आणि म्हणतो, ‘हे शास्त्रज्ञ रोज काहीतरी नवे सांगतात.’ शास्त्रज्ञाने जे सांगितलेच नव्हते त्याबद्दल तो शास्त्रज्ञाला खोटे ठरवितो, आणि पुढे साथीच्या, पुराच्या, भूकंपाच्या प्रसंगी त्याच्यावर विश्वास ठेवायला नकार देतो. दुसरे याहून वाईट. ‘असावे’ ऐकण्याची सवय ज्याच्या कानांची गेली, त्याला ‘संशयित’ आणि ‘गुन्हेगार’ हे शब्दही एकच वाटू लागतात. चौकशी चालू असलेल्या माणसाचा निकाल तो चहा पिता पिता देऊन टाकतो. ग्रहाचे काही बिघडत नाही, माणसाचे बिघडते.

आपल्या भाषेची याबाबत तक्रार नाही. तिने ‘असावे’, ‘असेल’, ‘असू शकेल’, ‘असे दिसते’ अशा पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. ऐकीव गोष्ट सांगताना तिची जबाबदारी न घेण्यासाठी तिने ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा अप्रतिम शब्द दिला आहे. आमच्या आज्या हा शब्द जितक्या काटेकोरपणे वापरीत, तितका आज कोणी मथळाकार वापरीत नाही. तो मथळ्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह ठोकतो आणि मोकळा होतो; त्या प्रश्नचिन्हाने जबाबदारी टळते, शंका मात्र व्यक्त होत नाही.

२०२१ साली नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण जयंत नारळीकरांना दिले. एका खगोलशास्त्रज्ञाला हा मान देऊन मराठी सारस्वताने स्वतःची पाठ थोपटून घेतली. २० मे २०२५ रोजी ते गेले. तेव्हा श्रद्धांजलीचे लेखही भरभरून आले. त्यांच्या विज्ञानकथा आपण अभ्यासक्रमाला लावल्या हे चांगलेच झाले. परंतु विज्ञानकथा नेमली म्हणजे विज्ञानाच्या भाषेचे वाचन शिकविले, असे होत नाही. स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने ते बहुमताविरुद्ध आयुष्यभर वाद घालीत राहिले, आणि तो वाद निरीक्षणांच्या भाषेतच घातला पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला नाही. वारसा घ्यायचा तर तो या आग्रहाचा.

शेवटी एक प्रसंग सांगतो. जुलै १९९१ मध्ये अँड्रू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले की एका स्पंदकाभोवती ग्रह सापडला आहे. सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह असा त्याचा गाजावाजा झाला. पुढे लाइन यांना स्वतःलाच चूक सापडली: पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची दुरुस्ती त्यांच्या गणितात नीट झाली नव्हती, आणि जो ग्रह वाटला ती पृथ्वीच्याच गतीची छाया होती. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथे अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या सभेत, जेथे ते आपल्या ग्रहाविषयी बोलणार होते, तेथे त्यांनी उभे राहून आपला दावा मागे घेतला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच सभेत अलेक्झांडर वोलश्चान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीच्या ग्रहांविषयी सांगितले. ते ग्रह टिकले. १९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह मायोर आणि केलो यांना मिळाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अशा निश्चित ग्रहांची संख्या ६००० च्या पुढे गेली. या सहा हजारांच्या पायाशी एक जाहीर माघार आहे.

आता आम्ही आमच्या बिरादरीला विचारतो: मराठी समीक्षेत एखाद्या समीक्षकाने व्यासपीठावर उभे राहून ‘माझे वाचन चुकले होते’ असे म्हटल्याचे आणि सभेने त्याला टाळ्या दिल्याचे कोणाला आठवते काय? आम्ही एकमेकांना ‘पुनर्मूल्यांकन’ म्हणून जे देतो ते बहुधा जुन्या मताचेच नवे वेष्टन असते. ‘असावे’ आम्ही लिहितो, पण ते नम्रतेचे अलंकार म्हणून. पुराव्याची पातळी म्हणून नव्हे. मग दोष वार्ताहराला कोणत्या तोंडाने द्यायचा?

आमची मागणी फार मोठी नाही. येत्या वर्षी पदवीच्या एका वर्गात एका खगोलशास्त्रीय शोधाचे तीन कागद विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत: मूळ निबंधाचा सारांश, विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक आणि मराठी बातमी. तिन्हींतील क्रियापदांखाली रेघ मारायला सांगावे आणि प्रत्येकाचा अर्थ ओळखायला लावावा. कोठे ‘असावे’चे ‘आहे’ झाले ते विद्यार्थी आपण होऊन दाखवितील. तोच त्या दिवसाचा व्याकरणाचा पाठ. आणि त्याच तासाला शिक्षकाने आपला एखादा जुना लेख काढून त्यातलेही एक ‘आहे’ खोडावे.